बेसिनातले पाणी रेंगाळू लागले म्हणजे

न्हाणीघरातील बेसिन सहसा एका दिवसात तुंबत नाही. प्रथम सकाळी तोंड धुताना पाणी जाळीवर क्षणभर थबकते, पुढे काही आठवड्यांनी दाढीचा फेस आणि पेस्टची पांढरी साय त्या साचलेल्या पाण्यावर तरंगत राहते, आणि घरातल्या प्रत्येकाने 'हळूहळू का होईना, जाते आहे ना' अशी स्वतःची समजूत घालून घेतल्यावर, एखाद्या सणाच्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेले असताना, पाणी उतरायचेच थांबते. मग धावाधाव होते, कोणीतरी दुकानातून जळजळीत रसायनाची पुडी आणतो, ती नळीत ओतली जाते, आणि जे काम दोन हातांनी, एका बादलीच्या साह्याने अर्ध्या तासात उरकले असते, त्याची तड भलत्याच मार्गाने लावली जाते. पाणी रेंगाळू लागल्याची पहिली खूण दिसताच घरच्या माणसाने स्वतः काय तपासावे, कोणत्या क्रमाने तपासावे, आणि त्या पुडीचा मोह का आवरावा, हे नगर जिल्ह्यातील, म्हणजे आता शासनदप्तरी अहिल्यानगर जिल्ह्यातील, घरांची रचना व इथले पाणी ध्यानात घेऊन सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

इथले पाणी असे मुद्दाम म्हणण्यास कारण आहे. नगर शहराला मुळा धरणाचे पाणी मिळते, आणि धरणाचे पाणी विहिरीच्या पाण्याहून सामान्यतः सौम्य असते. परंतु शहराच्या वाढत्या उपनगरांतील कितीतरी घरांना, तसेच तालुक्याच्या गावी आणि वाड्यावस्त्यांवर, वापरायच्या पाण्यासाठी बोअरवाचून गत्यंतर नसते. काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपत आलेल्या त्या पाण्यात चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. आणि प्रवरेच्या कालव्याखालील ऊसपट्ट्यात, जेथे वर्षानुवर्षांच्या पाटपाण्याने जमिनी चोपण होत गेल्या, तेथे तर विहिरीचा मचूळपणा जिभेलाच कळतो. अशा दुष्फेन पाण्यात साबण चोळला असता फेस धरण्यापूर्वीच साबणातील स्निग्धाम्ले त्या क्षारांशी संयोग पावतात आणि पाण्यात न विरघळणारा, राखी रंगाचा, चिकट साका तयार होतो. आंघोळीच्या बादलीला आतून जे कडे धरते ते याच साक्याचे. नळीत तो भिंतीला धरतो, त्यात डोक्याचा एखादा केस अडकतो, केसावर खोबरेल, शिकेकाईचा चोथा, मिश्रीची किंवा दंतमंजनाची भुकटी बसत जाते, आणि बेसिन जेवणघराच्या लगत असेल तर आचवताना गेलेली भाताची शिते व भाजीतली मोहरीही त्यात भर घालतात.

यात आणखी एका गोष्टीची भर पडते, आणि तिचा उल्लेख दोषारोपाच्या भावनेने करू नये. पर्जन्यछायेच्या प्रदेशातली आपली माणसे पाणी जपून वापरतात. तांब्याभर पाण्यात तोंड धुण्याची सवय सर्वथा स्तुत्य आहे, आणि ती सोडा असे मी कोणालाही सांगणार नाही; परंतु बारीक धारेने जाणारे पाणी मळ पुढे लोटत नाही, जागच्या जागी ठेवून जाते, हे मात्र खरे. त्यावरचा इलाज पाणी न दवडता करता येतो. कपडे विसळून उरलेले शेवटचे पाणी आठवड्यातून एकदा बेसिनात काठोकाठ भरावे, तोपर्यंत भोकावर बूच किंवा ओल्या फडक्याचा बोळा दाबून ठेवावा, आणि मग तो एकदम काढून घ्यावा. संपूर्ण नळी भरून वेगाने उतरणारे ते पाणी, दिवसभरात थेंबाथेंबाने गेलेल्या तेवढ्याच पाण्यापेक्षा कितीतरी अधिक मळ ओढून नेते.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी पाण्याची वाट कशी आहे हे समजून घेणे अवश्य आहे. बेसिनच्या तळाशी जाळी व तिला धरणारे वेस्ट कपलिंग असते. त्याच्या खाली बहुतेक नव्या घरांत बाटलीच्या आकाराचा बॉटल ट्रॅप असतो. तेथून सुमारे सव्वा इंची नळी भिंतीत किंवा जमिनीतील नहाणी ट्रॅपकडे जाते. आणि पुढे घराबाहेरच्या चेंबरमार्गे पाणी गटाराला किंवा शोषखड्ड्याला मिळते. ट्रॅपमध्ये नेहमी थोडे पाणी अडून राहते ते बांधणाऱ्याच्या चुकीमुळे नव्हे. गटारातली दुर्गंधी आणि झुरळे उलट वाटेने घरात येऊ नयेत म्हणून ती पाण्याची भिंत हेतुतः ठेवलेली असते. नळी वाकवून तिच्यात पाणी अडविण्याची ही युक्ती लंडनमधील अलेक्झांडर कमिंग या घड्याळे करणाऱ्या कारागिराने १७७५ साली शौचकूपासाठी पेटंट करून घेतली. जुन्या घरांत मात्र बेसिनखाली ट्रॅप नसून नुसती घड्यांची लवचीक नळी सरळ जमिनीवरच्या नहाणी ट्रॅपवर सोडलेली आढळते. तेथे दुर्गंध अडविण्याचे काम एकट्या नहाणी ट्रॅपकडे असते.

आता तपास. बेसिनचा नळ न सोडता प्रथम न्हाणीघराच्या जमिनीवर अर्धी बादली पाणी ओतून पाहावे. ते सुरळीत गेले तर दोष बेसिन आणि नहाणी ट्रॅप यांच्या दरम्यान आहे असे समजावे. तेही रेंगाळले, किंवा बेसिन सोडल्यावर जमिनीवरच्या जाळीतून पाणी वर येऊ लागले, तर बेसिनला हात लावून उपयोग नाही; अडथळा पुढच्या नळात किंवा बाहेरच्या चेंबरमध्ये आहे, आणि चेंबरचे झाकण उचलून तिथला गाळ काढणे हाच मार्ग आहे. या दोन मिनिटांच्या चौकशीची तसदी न घेता लोक तासन्‌तास भलतीकडेच खटपट करीत बसतात, म्हणून तिच्यावर मी इतका भर देतो.

दोष बेसिनपाशीच आहे असे ठरल्यावर सर्वांत सोप्या जागेपासून आरंभ करावा, ती म्हणजे जाळी. काही जाळ्या नुसत्या उचलून निघतात, काहींना मधोमध स्क्रू असतो. तो काढल्यावर बहुतेक वेळा निम्मे काम तेथेच झालेले दिसते, कारण केसांची गाठ सहसा जाळीच्या दोन-चार बोटे खालीच, कपलिंगच्या आडव्या पट्ट्यांना धरून लोंबत असते. टोकाशी आकडी वळवलेली पातळ तार, किंवा दोन्ही कडांना तिरप्या खाचा पाडलेली प्लास्टिकची लांब पट्टी आत सोडून, गोल फिरवून सावकाश वर ओढावी. पट्टी खाली ढकलण्याचा हव्यास करू नये; आपल्याला गुंतवळ वर काढायचे आहे, पुढे सारायचे नाही.

एवढ्याने भागले नाही तर रबरी पंप वापरावा. येथे एक बारकावा हमखास राहून जातो. बेसिनच्या कडेखाली आतल्या बाजूस एक छोटे भोक असते, जास्तीचे पाणी उतू जाऊ नये म्हणून ठेवलेले; ते ओल्या फडक्याने घट्ट बंद केल्याशिवाय पंपाचा सारा जोर त्या वाटेने निघून जातो आणि अडथळ्यापर्यंत काहीच पोचत नाही. बेसिनात पंपाची वाटी बुडेल इतके पाणी घ्यावे, वाटी तिरपी धरून आतली हवा जाऊ द्यावी, मग ती भोकावर बसवून दहा-पंधरा वेळा दाबावे व ओढावे. ओढण्याचा हिसका दाबण्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण एका दिशेच्या जोराला न बधलेला गोळा दोन्ही दिशांनी हलवला म्हणजे सैल पडतो. शौचालयाचा पंप बेसिनला वापरू नये, हे सांगण्याची गरज पडू नये. आणि नळीत अगोदर कोणतेही रसायन ओतले असेल तर पंप मुळीच मारू नये. ते डोळ्यांत उडते.

यानंतर बॉटल ट्रॅप उघडणे. लोक या पायरीला विनाकारण भितात. वस्तुतः सगळ्या कामात खात्रीचा भाग हाच आहे. प्रथम बेसिनखालचा अँगल कॉक बंद करावा, म्हणजे हात धुण्याच्या सवयीने आपलाच हात मधेच नळाकडे गेला तरी बिघडणार नाही. ट्रॅपखाली बादली ठेवावी. मग तळाची वाटी दोन्ही हातांनी धरून, खालून पाहिले असता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावी. प्लास्टिकच्या वाटीला पान्हा लावू नये, आटे फाटतात. पितळी, मुलामा दिलेल्या ट्रॅपला पान्हा लावणे भागच पडले तर मधे फडके गुंडाळावे. वाटी सुटताच आतले पाणी धपकन बादलीत पडते, आणि वाटीच्या तळाशी काळा, बुळबुळीत, आंबूस वासाचा गोळा दिसतो. तो काडीने मोकळा केला म्हणजे केसांचा बोटभर जाडीचा पीळ, साबणाचे पांढुरके थर, दाढीचे बारीक खुंट, आणि पुष्कळदा पेस्टचे एखादे टोपण हाती लागते. कुडीची फिरकी किंवा चमकी हरवल्याची घरात तक्रार असेल, तर बादलीतले पाणी ओतण्यापूर्वी ते गाळण्यातून गाळून पाहावे. जड जिन्नस ट्रॅपच्या तळाशी बसून राहतात आणि महिन्यांनंतरही सापडतात.

वाटी, आतली उभी नळी आणि भिंतीकडे जाणाऱ्या नळीचे तोंड जुन्या दातांच्या ब्रशने घासून स्वच्छ करावे. वाटीच्या कडेला रबरी वॉशर असतो. तो कडक झाला असेल, चिरला असेल किंवा एका बाजूने दबला असेल तर तो सोबत नेऊन त्याच मापाचा नवा आणावा. किंमत अगदी किरकोळ असते, आणि जुना वॉशर परत बसविल्यानेच पुढे बेसिनखाली थेंबथेंब गळती सुरू होते. हा सांधा वॉशरच्या दाबाने बंद होत असल्यामुळे त्याच्या आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळण्याचे प्रयोजन नाही. वाटी हाताने घट्ट बसवावी, बेसिन भरून सोडावे, आणि सांध्याभोवती कोरडा कागद फिरवून पाहावा. ओल लागली नाही म्हणजे काम झाले. काढलेला मळ पुन्हा बेसिनात टाकू नये, तो कागदात बांधून कचऱ्यात द्यावा.

ट्रॅप स्वच्छ असूनही पाणी जात नसेल तर दृष्टी पुढच्या नळीकडे वळवावी, आणि तेथे माझा सर्वांत मोठा आक्षेप त्या घड्यांच्या लवचीक नळीवर आहे. ती स्वस्त असते, कशीही वाकते आणि बसवायला सोपी पडते. परंतु तिच्या प्रत्येक घडीत साका साठतो, ती मधे झोळ धरून लोंबते, आणि त्या झोळात पाणी अडून आपोआप एक दुसराच ट्रॅप तयार होतो. दोन ट्रॅपांमध्ये कोंडलेल्या हवेला वाट नसल्याने पाणी गुडगुडत, अडखळत उतरते, आणि सारे स्वच्छ असूनही बेसिन तुंबल्याचा भास होतो. अशी नळी काढून, धुऊन, जादा लांबी कापून पुन्हा बसवावी. शक्य असेल तेथे ती बाद करून आतून गुळगुळीत असलेली पीव्हीसीची नळी, फुटाला पाव इंच उतार ठेवून, लावून घ्यावी. नळीचे टोक नहाणी ट्रॅपच्या तळापर्यंत खुपसलेले असेल तर ते वर घ्यावे, नाहीतर गाळातच तिचे तोंड बंद होते.

हवेला वाट ठेवल्याशिवाय नळातले पाणी नीट चालत नाही, हे ज्ञान आपल्या भागात नवे नाही. अहमद निजामशहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस सीनेच्या काठी नगर शहर वसविल्यानंतर निजामशाहीत कापूरवाडीसारख्या आसपासच्या गावांहून भूमिगत खापरी नळांनी शहरात व बागांत पाणी आणण्याची तजवीज झाली. दख्खनेतील अशा नळयोजनांत, पुढे पेशव्यांनी कात्रजहून पुण्यात आणलेल्या नळातही, ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले असत. कोंडलेली हवा बाहेर पडावी आणि गाळ काढणाऱ्याला आत शिरता यावे, असा त्यांचा दुहेरी उपयोग होता. आजच्या इमारतीत तेच कार्य गच्चीवर गेलेली व्हेंटची नळी करते. एकाच घरातील सर्व बेसिने व मोऱ्या एकदमच गुडगुडू लागल्या तर गच्चीवर जाऊन त्या नळीच्या तोंडाशी पक्ष्याचे घरटे किंवा पालापाचोळा नाही ना, हे अवश्य पाहावे. आणि उच्छ्वासाचा दुसरा उपयोग, म्हणजे गाळ काढण्यासाठी उघडता येणारी जागा, घर बांधतानाच मागून घ्यावा. वळणावर झाकणाचा बेंड बसविला तर भिंत फोडण्याची पाळी येत नाही.

आता त्या पुडीविषयी. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक पुड्यांत मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो. तो केस आणि चरबी विरघळवतो, हे खरे. परंतु चरबीशी त्याचा संयोग होऊन जो पदार्थ बनतो तो साबणच, आणि आपल्या दुष्फेन पाण्यात त्या साबणाचा पुन्हा साकाच होतो. शिवाय पाणी कमी पडले तर सोडा ट्रॅपमध्येच दगडासारखा घट्ट बसतो, मग ट्रॅप कापून काढावा लागतो. पाण्यात पडताच तो तापतो, कातडी व डोळे भाजतो. तो निष्फळ ठरला म्हणून त्यावर फरशी धुण्याचे ॲसिड ओतणे हे साक्षात संकटाला बोलावणे आहे, कारण दोहोंची गाठ पडताच प्रचंड उष्णता निर्माण होऊन मिश्रण तोंडावर उसळते. आणि तेच ॲसिड ब्लीचिंग पावडरशी, म्हणजे गावच्या टाकीत टाकतात त्या टीसीएल पावडरशी, कधीही मिसळू नये; त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जीवावर बेततो. खाण्याचा सोडा व व्हिनेगर यांची हल्ली पुष्कळ शिफारस होते. ती जोडी निरुपद्रवी आहे, पण फसफसून परस्परांना निष्प्रभ करण्यातच दोघांची शक्ती खर्ची पडते, केसांच्या गाठीला त्याने काही होत नाही. उकळते पाणीही ओतू नये. पीव्हीसीची नळी त्याने मऊ पडते आणि चिनी मातीच्या बेसिनला तडा जाण्याचा संभव असतो. हाताला जेमतेम सोसेल इतके कढत पाणी तेलाचा थर सैल करण्यास पुरे.

रसायनाला माझा विरोध केवळ नळीच्या काळजीपोटी नाही. बेसिनातून खाली गेलेले पाणी कोठे जाते, याचा विचार आपल्या जिल्ह्यात करावाच लागतो. खेड्यात ते शोषखड्ड्यात मुरते किंवा परसात अळू, केळ, करदळ यांच्या मुळांशी सोडलेले असते. ज्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तेथे न्हाणीच्या पाण्यावर जगलेली ती केळ म्हणजे घरच्या काटकसरीचे फळ असते. कॉस्टिक सोड्याने जमिनीत सोडियम वाढतो, माती चिकट व टणक होते, पाणी मुरेनासे होते, आणि अखेर शोषखड्डाच निकामी होतो. न्हाणीचे पाणी सेप्टिक टँकमध्ये जात असेल तर तेथील मैला कुजविणारे जीवाणू मरतात. शहरात हेच पाणी अखेर सीनेच्या दिशेने जाते, आणि त्या नदीची स्थिती पाहिलेल्या माणसाला तिच्यात आणखी क्षार सोडण्याचे धाडस होऊ नये. हाताने काढलेला केसांचा गोळा कोणाच्याही मातीचे वा पाण्याचे नुकसान करीत नाही.

पुढची खबरदारी थोडकी आहे. जाळीवर बारीक छिद्रांची दुसरी जाळी ठेवावी आणि ती रोज झटकावी. केस विंचरणे बेसिनवर करू नये. उटण्याचे आणि शिकेकाईचे पाणी आधी गाळून घ्यावे, चोथा झाडांना घालावा. मे महिन्यात सारे कुटुंब गावी जाऊन घर बंद राहणार असेल तर परत आल्यावर प्रथम प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतावे, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात ट्रॅपमधले पाणी आटते आणि घरभर सुटलेल्या दुर्गंधीचे मूळ भलतीकडे शोधले जाते.

इतके करूनही पाणी उतरले नाही, भिंतीच्या आत ओल दिसू लागली, किंवा एकाच महिन्यात पुन्हा तोच प्रकार झाला, तर प्लंबरला बोलावण्यास संकोच करू नये. मात्र तो येताच, नळीत काही रसायन टाकले असल्यास ते प्रथम त्याला सांगावे. त्याचे हात आणि डोळे त्या एका वाक्यावर अवलंबून असतात. त्याच्याकडून भिंतीतील नळ स्प्रिंगने साफ करून घ्यावा, उतार तपासून घ्यावा, घड्यांची नळी असेल तर बदलून घ्यावी, आणि तो हत्यारे गोळा करण्यापूर्वी त्याच्यासमोर बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडून पाहावे. पाणी भोवरा धरून, न गुडगुडता गेले आणि सांध्याखाली धरलेला कागद कोरडा राहिला, की त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी.